मुलगी पळायला आणि शिकायला अमेरिकेत जाते, तेव्हा मागे राहिलेल्यांनी काय करायचं

चोपडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी बावीस वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या मैदानावर मुरूम आहे. लेन आम्ही फक्कीने आखतो आणि टायमिंग माझ्या गळ्यातल्या स्टॉपवॉचवर घेतो. याच मैदानावर चारशे मीटर पळणारी एक मुलगी आज अमेरिकेतल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. तिचे वडील केळीची शेती करतात. तिच्यानंतर सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, चोपड्याला वसतिगृहात राहून शिकलेला पावरा मुलगा तिकडच्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात गेला. तो लांब पल्ल्याचा धावपटू आहे.

या दोघांमुळे शिरपूर, अमळनेर, रावेर, शहादा इथून पालकांचे फोन येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मॅडम, स्कॉलरशिप भेटीन का?" मिळू शकते. पण मिळालेली शिष्यवृत्ती पहिल्या दोन सत्रांत टिकवणं जास्त अवघड आहे, आणि त्यातलं निम्मं काम इथे, घरी आणि शाळेत होतं. ते नीट झालं नाही तर पोर तिथे एकटी पडते. म्हणून जे माझ्या हातून झालं आणि जे चुकलं, ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी टायमिंग खरं करा

जिल्हा स्पर्धेत या मुलीचं टायमिंग ५७.४ आलं, तेही हाताच्या घड्याळावर. बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर इलेक्ट्रॉनिक टायमिंगमध्ये ती ५८.३ धावली. तिची माय हिरमुसली, पोरगी मागे पडली असं तिला वाटलं. मी तिला मैदानावर नेलं, घड्याळ तिच्या हातात दिलं आणि शिट्टी वाजवली. बोट दाबलं जाईपर्यंत किती वेळ जातो ते तिने स्वतः पाहिलं. हाताच्या टायमिंगमध्ये शंभर-दोनशे मीटरला ०.२४ आणि चारशेला ०.१४ सेकंद मिळवायचे, असा हिशेबच आहे. बाकीचा फरक जिल्हा स्पर्धेच्या मैदानाच्या मापाचा असणार. तिकडचा कोच हाताचं टायमिंग जमेस धरत नाही. म्हणून वर्षातून किमान एक-दोन स्पर्धा इलेक्ट्रॉनिक टायमिंगच्या ट्रॅकवर पळवा, आणि त्या निकालाचा कागद त्याच दिवशी फाइलला लावा.

कोचला ईमेल मुलांनीच लिहायचा, पालकांनी किंवा माझ्यासारख्यांनी नाही. प्रकार, टायमिंग, तारीख, ठिकाण, दहावीचे गुण, बारावी कधी संपणार आणि व्हिडिओची लिंक एवढं पुरे. व्हिडिओ बाजूने घेतलेला, पूर्ण शर्यतीचा, सलग असावा. गाणं लावलेला रील पाठवू नका. आमच्या मुलीने साठच्या वर कोचना लिहिलं. उत्तरं अकरा जणांची आली आणि त्यातल्या चौघांशी बोलणं पुढे गेलं.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाची सगळ्यात मोठी संघटना एनसीएए. तिच्या तीन डिव्हिजन आहेत. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, अभ्यासाची किंवा गरजेची मदत मात्र मिळते. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे, आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए. आपल्याकडे सगळ्यांना डिव्हिजन वनच हवी असते. आमची मुलगी डिव्हिजन टूमध्ये आहे. थोडी खेळाची आणि थोडी गुणांची अशा दोन शिष्यवृत्त्या जोडून तिचं जमलं. बहुतेक खेळांत पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांना मिळते, हे घरात आधीच बोलून घ्या. ब्रिटनमध्येही विद्यापीठं खेळाडूंना मदत देतात, पण ती रक्कम सहसा लहान असते. सगळा खर्च त्यातून निघेल असं धरू नका.

एक सावधगिरी. "शिष्यवृत्ती मिळवून देतो, मिळालेल्या रकमेच्या वीस टक्के द्या" म्हणणारा एक माणूस आमच्याकडेही आला होता. ठरावीक फी घेऊन माहिती पुरवणारी सेवा चालते, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच पैसे, किंवा तिच्यातली टक्केवारी, हे एनसीएएच्या नियमात बसत नाही. त्याने धोक्यात येते ती मुलीची पात्रता. मुलीचे वडील तेव्हा सही करायच्या बेतात होते. त्यांना मी रात्री फोन करून थांबवलं.

कागद: नववीपासून

एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर, म्हणजे खेळाडूंची पात्रता तपासणारं कार्यालय, नववीपासूनचे निकाल मागतं. दहावी-बारावीचं बोर्डाचं मार्कशीट इंग्रजीत असतं, पण नववीचं प्रगतिपत्रक शाळेचं आणि मराठीत असतं. ते मूळ भाषेत द्यायचं आणि सोबत ओळीला ओळ असं प्रमाणित भाषांतर जोडायचं. आमच्या मुलीचं नववीचं प्रगतिपत्रक घरी उंदरांनी कुरतडलेलं होतं. शाळेच्या कपाटातून त्या वर्षाचं निकाल रजिस्टर काढलं, मुख्याध्यापकांच्या सहीने दुसरी प्रत केली आणि 'कार्यानुभव'ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर भाषांतरकाराशी अर्धा तास बोललो. यात एक महिना गेला. तुमचं मूल आज नववीत असेल तर ते पत्रक आजच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

विषयांचंही तसंच. एनसीएए नववी ते बारावीचे मिळून सोळा मुख्य विषय मोजते, त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं येतात. शारीरिक शिक्षण त्यात धरत नाहीत. डिव्हिजन वनला या विषयांत चारपैकी किमान २.३ आणि डिव्हिजन टूला २.२ सरासरी लागते. खेळाडू आहे म्हणून अकरावीला 'सोपे' विषय घ्यायला लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रवेशाआधी ही यादी पाहा, मगच विषय ठरवा. एसएटी परीक्षा २०२३ पासून एनसीएएच्या पात्रतेसाठी लागत नाही, पण काही कॉलेजं गुणांची शिष्यवृत्ती देताना ती पाहतात. कॉलेजला विचारून घ्या. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा घरी बसून देता येणारी डुओलिंगोची परीक्षा, यातली कॉलेजला चालेल ती द्या.

नावाचा घोळ तर खास आपला. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आमचा पहिला फॉर्म एका नेट कॅफेत भरला, आणि तिथे आडनाव 'पहिलं नाव' या रकान्यात गेलं, वडिलांचं नाव आडनाव झालं. पासपोर्टवर एक, एनसीएएच्या खात्यावर दुसरं, कॉलेजात तिसरं. दुरुस्तीत तीन आठवडे गेले. म्हणून पासपोर्ट आधी काढा (जळगावला पोस्टात पासपोर्ट केंद्र आहे) आणि त्यावर जसं नाव छापलंय तसंच, अक्षराला अक्षर, सगळीकडे लिहा.

पैशाच्या पुराव्यात शेतकऱ्याची अडचण होते. शिष्यवृत्ती सोडून उरलेल्या खर्चाची तजवीज दाखवली की कॉलेज आय-ट्वेंटी नावाचा कागद देतं, आणि त्याशिवाय व्हिसा नाही. वडील सातबारा घेऊन आले. जमीन खरी, पण ती विकून फी भरणार असं कोणी धरत नाही. बँकेतली शिल्लक किंवा मंजूर शैक्षणिक कर्जाचं पत्र लागतं. पगारदारांचा फॉर्म सोळा शेतकऱ्याकडे नसतोच. आम्ही केळीविक्रीच्या तीन वर्षांच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि सीएचं प्रमाणपत्र जोडलं, कर्जमंजुरीचं पत्र वर ठेवलं. मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखतीला तिला विचारलं, वडील काय करतात. ती म्हणाली, केळी पिकवतात, आणि एका बागेचा हिशेब सांगायला लागली. पुढचे दोन प्रश्न कॉलेजबद्दल होते. उत्तरं पाठ करून घेऊ नका. आपल्या घरातली गोष्ट इंग्रजीत साधेपणाने सांगण्याचा सराव द्या.

वेळेचं गणित असं. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, निकाल मे-जूनच्या सुमारास, आणि तिकडचं सत्र ऑगस्टमध्ये सुरू. व्हिसाची गर्दीही नेमकी तेव्हाच असते. म्हणून कोचशी बोलणं आणि अर्ज हे बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मार्गी लागले पाहिजेत. 'अजून टायमिंग सुधारू' म्हणून बारावीनंतर दोन-तीन वर्षं थांबलात तर खेळायला मिळणारे हंगाम कमी होऊ शकतात. गावोगावच्या मॅरेथॉनमध्ये मिळालेली रोख बक्षिसं लपवू नका. कुठे, कधी, किती, याची वही करा आणि विचारलं की खरं सांगा.

तब्येत: सिकल सेलची चाचणी

हा भाग मी मुद्दाम लांबवते, कारण सातपुड्याच्या पोरांसाठी तो जिवाचा आहे. पावरा, भिल्ल या आदिवासी वस्त्यांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे हे आपल्याला माहीत आहे. अमेरिकेत एनसीएएच्या खेळाडूंना सिकल सेलची चाचणी लागते. आमचा मुलगा एनजेसीएएच्या कॉलेजात जाणार होता, तरी मी ती इथेच करून घ्यायला लावली. तो 'एएस' निघाला, म्हणजे वाहक, आजारी नाही. वसतिगृहातल्या एकाने त्याला सांगितलं, आता तुझं पळणं संपलं. तो दोन दिवस मैदानावर आला नाही.

मी त्याच्याकडे गेले आणि जे वाचलं होतं ते सांगितलं. वाहक असलेला खेळाडू पळू शकतो, आणि नुसत्या त्या कारणाने कोणी त्याला संघाबाहेर ठेवायला नको. धोका असतो तो एकदम जोराच्या, विश्रांतीशिवायच्या सरावात, कडक उन्हात, पाणी कमी पडल्यावर आणि उंच ठिकाणी. तेव्हा पायांत, कमरेत गोळे येऊन माणूस कोसळू शकतो. म्हणून सराव हळूहळू वाढवायचा, मधे थांबायचं, पाणी प्यायचं, आणि 'पाय दगडासारखे झाले' असं वाटताच थांबायचं. या थांबण्याला तिथे कोणी आळस म्हणू नये, म्हणून कोचला आणि अॅथलेटिक ट्रेनरला पहिल्याच आठवड्यात सांगायचं. ट्रेनर म्हणजे तिकडे संघाची दुखापत-तब्येत पाहणारा माणूस. मुलाने ईमेल माझ्यासमोर लिहिला. ट्रेनरने त्याच दिवशी उत्तर दिलं आणि त्याचा सराव वेगळा आखून दिला. सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे, तिच्यात मोफत तपासणी होते. विमानतळावर जाण्याच्या आदल्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा दहावीतच तपासा.

इतर गोष्टी थोडक्यात. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस बहुतेक कॉलेजं मागतात. लहानपणचं कार्ड हरवलं असेल तर आरोग्य केंद्रात नोंद शोधा, नाहीतर डोस पुन्हा घ्या. टीबीची तपासणी हातावर टोचून केली तर आपण लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची आयजीआरए चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मुलींचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) निघण्याआधी पाहा. आमच्या मुलीचं हिमोग्लोबिन ९.८ होतं आणि आम्ही तिच्या दमण्याला आळस समजत होतो. हे मला आजही टोचतं.

आणि डबे भरताना चूर्ण, ताकदीची पावडर, गावच्या डॉक्टरकडच्या बिनलेबल गोळ्या पाठवू नका. डोप चाचणीत ते कोणी पाठवलं हे विचारत नाहीत. सर्दी-खोकल्याच्या औषधात, दम्याच्या पंपातही बंदी असलेले घटक असू शकतात. नियमित औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि ट्रेनरला आधी दाखवा.

पैसे: पहिलं बिल आलं तेव्हा

पहिल्या सत्रात तिच्या कॉलेजच्या खात्यावर ४२० डॉलर जास्तीचे भरायचे दाखवले. ती रडत फोनवर आली, 'मॅडम, स्कॉलरशिप कापली.' कापली नव्हती. शिष्यवृत्तीचा जो भाग शिकवणीच्या फीला आणि लागणाऱ्या पुस्तकांना जातो त्यावर कर नसतो, पण राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या त्या भागावर १४ टक्के कर कापतात. तिचा तो भाग सत्राला ३,००० डॉलर होता. भारत-अमेरिका कराराने भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, घेता येतं, त्यामुळे १०४०-एनआर हा कराचा फॉर्म भरल्यावर तिचे हे पैसे परत आले. शेवटची तारीख बहुधा १५ एप्रिल. पण तोवर ४२० डॉलर भरावे लागतातच. म्हणून पहिल्या सत्रासाठी ५००-६०० डॉलर बाजूला ठेवा आणि मुलाला आधीच सांगा, म्हणजे ते रडणार नाही.

विम्याचं कलम वाचा. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच पॉलिसी कॉलेज संघाच्या खेळातली दुखापत धरत नाहीत. तिच्या मांडीच्या स्नायूच्या एमआरआयचा दावा याच कारणाने नाकारला गेला. नंतर कॉलेजच्या खेळाडू-विम्यातून तो भरला गेला, पण मधले सहा आठवडे तिला झोप नव्हती. मोठ्या दुखापतीसाठी एनसीएएचा जो विमा असतो, तो ९०,००० डॉलरच्या वरच्या खर्चाला लागू होतो. त्याच्या आतला खर्च कोणाचा विमा आणि कोणत्या क्रमाने भरणार, हा प्रश्न सही करण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

'तिकडे पार्ट-टाइम करेल' असं नातेवाईक सहज म्हणतात. विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्येच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. बाहेरच्या दुकानात केलेलं काम व्हिसा घालवू शकतं. जाहिरातीतून कमाईचंही तसंच आहे. २०२१ पासून अमेरिकन खेळाडूंना ती मुभा आहे, आपल्या मुलांना व्हिसामुळे मोकळी नाही. जळगावच्या एका सराफाने तिचा फोटो दुकानाच्या जाहिरातीला मागितला, पैसेही द्यायला तयार होता. तिने आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आणि नियमपालन अधिकाऱ्याला विचारलं आणि मग नम्रपणे नाही म्हटलं. तुमच्याही मुलांना हा क्रम शिकवा: आधी विचारायचं.

पहिला हिवाळा

जानेवारीत तिकडे इनडोअर हंगाम सुरू होतो. ट्रॅक दोनशे मीटरचा, वळणावर उतरता, चारशेला दोन फेऱ्या. तिने असा ट्रॅक कधी पाहिला नव्हता. पहिल्या शर्यतीत दुसऱ्या फेरीला लेन मोडून आत यायची जागा चुकली आणि ती शेवटची आली. बाहेर उणे पंधरा. रात्री तिची माय फोनवर म्हणाली, "जेवनी का बेटा?" आणि ती "जेवनू माय" म्हणून गप्प झाली. शर्यतीचं विचारायला मी मायला आधीच मना केलं होतं. आजही सांगते: पहिलं वर्ष टायमिंग, पदक, नंबर हे शब्द घरातून निघू देऊ नका. ते सांगायला तिथे कोच आहे.

अभ्यासाचं मात्र विचारा. तिकडे प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात. तिला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात, नाहीतर व्हिसा अडचणीत येतो. डिव्हिजन टूला वर्षअखेर २४ क्रेडिट आणि २.० सरासरी हवी. बारा आणि बारा घेऊन एक विषय गेला की चोवीस पुरे होत नाहीत, आणि उन्हाळी सत्राचे पैसे खिशातून जातात. आम्ही तिला पहिल्या सत्रात चौदा घ्यायला लावले. सराव हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला चार, आणि एक दिवस सुट्टी असा नियम आहे. जिममधलं वजन उचलणंही त्यात येतं. त्याहून जास्त होत असेल तर तक्रारीच्या सुरात न बोलता तासांची नोंद ठेवायला सांगा.

फोनची वेळ ठरवा. रोज तीनदा व्हिडिओ कॉल केला की मूल खोलीबाहेर पडत नाही. आमच्याकडे रविवारी सकाळी साडेसात ठरलं, तेव्हा तिच्याकडे शनिवारची रात्र असते. त्यात माय अर्धा वेळ, मी दहा मिनिटं. दुखापतीच्या महिन्यात मात्र मी बुधवारीही करायचे आणि फक्त ऐकायचे. संघाबाहेर बसलेल्या पोरीला आपण कोण आहोत हेच कळेनासं होतं. त्या महिन्यात तिच्या वर्गातल्या मैत्रिणींची, ग्रंथालयाची, भातात काय घातलं याची चौकशी करा.

सामानात बिबडे आणि उडदाचे पापड, कोरडी शेंगदाणा चटणी, थोडं दादर ज्वारीचं पीठ जाऊ द्या. ताजी फळं, बी-बियाणं, मांसाचे पदार्थ मात्र नकोत. तिकडच्या विमानतळावर खायचे पदार्थ आहेत असं आधीच सांगायचं. सांगितलं तर पाहून सोडतात, लपवलं तर दंड होऊ शकतो. मुलीने वसतिगृहात इंडक्शनवर भाकरी थापली तेव्हा धुराचा अलार्म वाजला. दुसऱ्या वेळी तिने खिडकी उघडली आणि कोलंबियाच्या एका लांब उडीवाल्या मुलीला भाकरी खाऊ घातली. ती मुलगी आज तिची रूममेट आहे.

मे महिन्यात ती घरी येते. येण्याआधी आय-ट्वेंटीवर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची प्रवासाची सही घ्यायची असते. ती एक वर्षापर्यंत चालते आणि नसेल तर परत जाताना विमानतळावर अडवू शकतात. निघण्याच्या पंधरा दिवस आधी हे विचारायचं, असं माझ्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेलं आहे. गेल्या मेमध्ये ४४ अंश होतं, म्हणून ती पहाटे पाचला मैदानावर यायची. आठवीच्या मुली तिच्या स्पाइक्सना हात लावून बघत होत्या. तिने माझं स्टॉपवॉच घेतलं आणि प्रत्येकीचं टायमिंग वहीत लिहिलं, आणि समोर कंसात 'हाताचं' असंही लिहिलं.